आप्पांची बिडी आणि सीटवरचं भोक

घाटनांदूरच्या आप्पांनी बिडी इतक्या वेळा सोडली होती, की गावात कुणी त्याची दखलच घेत नसे. पोळ्याला सोडायची, दसऱ्याला पुन्हा धरायची. बायकोची शपथ घ्यायची आणि तोंडात बडीशेप टाकून घरात शिरायचं. छबुबाईंचं नाक मात्र पक्कं. त्या काही बोलत नसत, फक्त भाकरी जरा जोरात थापत.

यंदा संक्रांतीनंतर आप्पांनी बिडी खरंच सोडली. खोकल्यानं अख्खी रात्र बसून काढल्यावर एका पहाटे त्यांनी बंडल उचललं आणि चुलीत टाकलं. शपथ नाही, गाजावाजा नाही. अडचण एकच होती. गावातला पार म्हणजे बिडीचं माहेरघर, आणि तिथं बसलं की लहानपणापासूनचा दोस्त बन्सी न मागता बंडल पुढं करणार. मग बसायचं कुठं?

जागा सापडली ती मुलाच्या गाडीत. परमेश्वर बियाण्याच्या दुकानावर मोटारसायकलनं जायचा. चारचाकी लग्नाकार्याला बाहेर निघायची, एरवी अंगणात कडब्याच्या गंजीशेजारी उभी. न्याहारी झाली की आप्पा पुढच्या सीटवर बसत, दारं सताड उघडी टाकून पेपर वाचत आणि ऊन तापलं की घरात येऊन आडवे होत. तलफ आली तर पाणी पिऊन मारायची. त्यासाठी छबुबाईंनी सरबताची काचेची, गोल पोटाची बाटली धुऊन दिली होती. नवऱ्यावर विश्वास नव्हता, पण बाटली रोज न चुकता भरून देत होत्या. आप्पा मोठे सुखात होते. साहेबांनाही बसायला एवढी मऊ खुर्ची नसेल, असं ते स्वतःशीच म्हणत.

एका रविवारी परमेश्वर गाडी धुवायला गेला आणि आतून ओरडला. सीटला भोक पडलं होतं. गोल, काळ्या कडांचं, बरोबर बिडीएवढं.

"आप्पा, ह्ये काय? सोडली म्हणलाव ना?"

"सोडलीय की! मी कावून खोटं बोलू?"

परमेश्वरनं भोकात बोट घालून दाखवलं. आप्पांनी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या शपथेची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यांनी छबुबाईंकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि आप्पांना तेच सगळ्यात जास्त लागलं. परमेश्वरनं रागारागात काचा वर केल्या, गाडीला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. अर्धा पेपर आणि भरलेली बाटली आतच राहिली.

बातमी पारावर पोचायला कितीसा वेळ लागतो. सोमवारी सकाळी बन्सी फाटकातूनच हसला. "आमाला सोडून एकटाच वढायलास बे? ते बी गाडीत बसून?"

आप्पा ओसरीवर बाजेवर बसून बियाण्याच्या शेंगा फोडू लागले. मनातून ते फार दुखावले होते. खोटं बोलत होतो तेव्हा निदान बिडी तरी ओढायला मिळत होती. आता खरं बोलून बिडीही गेली आणि अब्रूही. मग सोसायचं कशाला? त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी पारावर जायचं, बन्सीकडून बिडी घ्यायची आणि सगळ्यांदेखत ओढायची.

तेवढ्यात छबुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि आधी आप्पांच्या हातांकडं पाहिलं. हातात शेंगा होत्या.

"आवं, काय जळायलंय?"

दोघांनी एकदमच गाडीकडं पाहिलं. बंद काचेआड धुराची बारीक रेघ वर चढत होती. शेजारी वाळल्या कडब्याची गंजी, आणि चावी दुकानात. आप्पा दार ओढत बसले. छबुबाई घरात पळाल्या, वरवंटा घेऊन आल्या आणि एका घावात काच फोडली. आप्पांनी आत हात घालून दार उघडलं.

बाटली सीटवर आडवी पडली होती. पुढच्या काचेतून आलेलं ऊन तिच्या पोटातल्या पाण्यातून जात होतं आणि पलीकडं सीटवर पांढराशुभ्र ठिपका पडला होता. धूर तिथूनच निघत होता. आप्पांनी बाटली उचलायला हात घातला तसा ठिपका तळहातावर आला आणि असा चटका बसला, की ते किंचाळलेच. छबुबाईंनी घागरभर पाणी सीटवर ओतलं. कापड चर्रर्र करून विझलं. कालच्याच्या शेजारी तसंच गोल भोक पडलेलं होतं, जरा मोठं.

छबुबाईंनी दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं. मग आप्पांचा भाजलेला हात धरून त्यांनी रांजणापाशी नेला आणि त्यावर तांब्यानं पाणी ओतू लागल्या.

परमेश्वर जेवायला आला तो फुटक्या काचा बघून फाटकातच थबकला. आत डोकावला आणि त्याचा पारा चढला. "आप्पा, आता तर हद्दच..."

"त्येंला बोलायचं न्हाई," छबुबाई म्हणाल्या. तांब्या त्यांच्या हातातच होता. "काच मी फोडलीय. गाडी तुज्या कुलपात व्हती, आन् ह्ये माज्या डोळ्यांम्होरं शेंगा फोडायलते. मी दिलेल्या बाटलीतून ऊन एका जागी गोळा झालं, त्येनं जळलंय. ह्येंनी बिडी सोडलीय. खरंच सोडलीय. आजपसून ह्या घरात कुणी इचारायचं न्हाई."

परमेश्वर काचा गोळा करायला वाकला.

आप्पांना काहीतरी बोलायचं होतं. खोटं बोलताना त्यांना शब्द पटापट सुचत. आज एक सुचेना. आपली बाजू घेऊन कुणी एवढं ठासून बोललेलं त्यांनी संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं. गार पाण्याखाली हाताची आग कधीच थांबली होती, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही, आणि छबुबाईंनीही सोडला नाही. त्या संध्याकाळी आप्पा पारावर गेले नाहीत.