आप्पांची पिकअप आणि माझी

आप्पा गाडीला किल्ली लावायच्या आधी तिच्याभोवती एक अख्खी फेरी मारायचे. चारही चाकांवर तळहाताची थाप, मग खाली वाकून तेल गळलंय का ते बघणं, मग काच पुसणं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून भाजी भरून निघायची आम्हा सगळ्यांना घाई, आणि यांचं आपलं निवांत चाललेलं. मी ओरडायचो, "आप्पा, मुहूर्त बघताय का काय?" ते म्हणायचे, "काल नीट व्हती ते कालचं, बाळासाहेब. आज तिला इचारलं पायजे." कित्येक वर्षं आम्ही शेजारी शेजारी गाड्या लावल्या आणि तेवढी वर्षं मी या माणसावर जळलो. स्पष्टच सांगितलेलं बरं.

जळण्यासारखं त्यांच्याकडे होतं तरी काय? निमोण्याच्या बौद्धवस्तीत दोन खोल्यांचं घर आणि एक पांढरी पिकअप. माझ्याकडे बागायती जमीन, ऊस, सोसायटीचं संचालकपद आणि वर माझी स्वतःची पिकअप. पण शेतकरी माल भरायचे तो आधी आप्पांच्या गाडीत. ती भरली की उरलासुरला माझ्या गाडीत. "आप्पाच्या गाडीत टोमॅटो फुटत न्हाई," असं माझ्या तोंडावर सांगायचे! आमच्या भावकीतल्या कुणाचं एवढं कौतुक झालं असतं तर मला इतकं झोंबलं नसतं, हेही आता कबूल करतो.

पुढे आप्पांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी धंदा बंद करायचं ठरवलं. मी त्याच दिवशी निमोणे गाठलं. "आप्पा, गाडी मला द्या. म्हणाल तो भाव." त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुमच्याकडं हाय की एक. दौंडच्या रस्त्याला ती मूकबधिर पोरांची शाळा हाय बगा. तिथलं सर समदा किराणा मोटरसायकलीवर आणत्यात. त्यांना द्यावी म्हन्तोय."

म्हटलं, द्या बापडे. पण पुढचे काही दिवस बघतो तर काय, म्हातारा त्याच गाडीला नवे टायर बसवतोय! ब्रेकचं काम, पासिंग, विमा, शाळेच्या नावावर करायचे कागद, सगळं. मला हसू आवरेना. "अहो, फुकट द्यायची आन् वर नवं टायर? धर्माच्या गाईचं दात कुणी मोजत नसतंय, आप्पा."

"घेणाऱ्यानं मोजू न्हाईत, बाळासाहेब. देणाऱ्यानं मोजायचं," असं म्हणून ते परत गाडीखाली वाकले.

गाडी गेली. ना हार, ना फोटो. आप्पांनी सरांच्या हातात किल्ली दिली आणि एसटीनं घरी आले. पण बातमी थोडीच झाकून राहते? बाजारात तेच, सोसायटीत तेच. कहर म्हणजे मी जेवत असताना आमची बायको म्हणाली, "आप्पांसारखं मन पायजे बाई!" ताटावरून उठलो ते ठरवूनच. आपणही गाडी द्यायची, आणि अशी द्यायची की तालुक्यानं बघावं.

माझ्या पिकअपचा तिसरा गिअर टिकत नव्हता. दांडा हातानं दाबून धरला नाही तर उतारावर सटकन निसटायचा. मला सवय होती. त्याच शाळेत जाऊन सांगितलं तर सर खुशीत म्हणाले, "ही गाडी मुलांना दवाखान्यात न्यायला होईल." तेव्हाही मी गप्प बसलो. फुकट मिळतेय, करतील त्यांचं ते. खर्च केला तो मांडवावर. फ्लेक्स, हलगी, फेटे. गाडीच्या मागच्या फाळक्यावर तांबड्या रंगात माझं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. आप्पांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

भाषणं संपली आणि सर आप्पांना म्हणाले, "तुम्ही जाणकार. एक चक्कर मारून बघता का?" आप्पा गाडी घेऊन रस्त्यावर गेले, परत आले, सावकाश खाली उतरले आणि थेट माझ्याकडे चालत आले. आता चारचौघांत अब्रू जाणार! ते जवळ येऊन एवढंच म्हणाले, "फेटा झ्याक दिसतोय तुम्हाला." आणि एसटी पकडायला निघून गेले.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. "बाळासाहेब, तुमचे उपकार कसे फेडू? गाडी दिलीत, वर आप्पांना पाठवून गिअरबॉक्सचंही काम करून दिलंत. गडबडीत राहिलं होतं, म्हणून तुम्हीच धाडलं, असं सांगत होते." मी हो-हो करून फोन ठेवला. लाज वाटलीच. पण लाजेच्या आधी संताप आला. या माणसानं मला धड वाईटसुद्धा राहू दिलं नाही! निमोण्याला जाऊन एकदा सोक्षमोक्ष लावायचा, असं रोज म्हणायचो आणि रोज टाळायचो. टाळता टाळता एक दिवस आप्पा गेल्याचाच निरोप आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं एकेक करून आप्पांविषयी बोलली. सर उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "आमच्या शाळेला दोन दाते लाभले, आप्पा आणि बाळासाहेब. दोघांचं मन सारखंच." सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर आप्पांची बायको बसली होती. त्या माउलीला सगळं ठाऊक होतं. तिनं फक्त मान खाली घातली. नवऱ्यानं झाकलेलं तिनंही झाकलं.

ते मला बघवलं नाही. उठलो आणि म्हणालो, "सर चुकतायत. गिअरबॉक्स मी केला न्हाई, आप्पांनी केला. मी मोडकी गाडी दिली व्हती. पोरं बसणार हे म्हाईत असून दिली व्हती." एवढं बोलून खाली बसलो.

मग मागून एक म्हातारा हुंदका देत म्हणाला, "असा व्हता आमचा आप्पा!" आणि सगळ्या माना डोलल्या.

मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू? पहिला विचार मनात आला तो हाच, की तोंड उघडलं मी आणि वाहवा पुन्हा आप्पांचीच.