वाळवणाच्या बांबूवरची गुढी

लेक कामासाठी स्पेनमध्ये, सेव्हिलला असते. काल तिने तिथल्या ईस्टरच्या मिरवणुकीच्या रस्त्याचा फोटो पाठवला. बाल्कन्यांवरून रेशमी वस्त्रं सोडलेली, कठड्यांना झावळ्या बांधलेल्या. बघता बघता मला आमचा सिंगापूरमधला, सेंगकांगचा फ्लॅट आठवला.

वीसेक वर्षांपूर्वीचा पाडवा. आई पहिल्यांदाच सिंगापूरला आली होती. लिटिल इंडियातून तिने हौसेने कडुलिंब आणला, कपडे वाळत घालायच्या बांबूला आपली जरीची साडी आणि तांब्या बांधला आणि किचनच्या खिडकीबाहेर गुढी उभारली. समोरच्या ब्लॉकमधली माणसं वाकून बघू लागली. मला लाज वाटली.

"आई, काढ ती. इथे परवानगी नसते," मी ठोकून दिलं.

"अरे, गुढी संध्याकाळी उतरवतात," एवढंच ती म्हणाली. मग भर सकाळी साखरेचा नैवेद्य दाखवून तिने ती उतरवली. कडुलिंबाचा कडवट वास दिवसभर घरात राहिला.

असा नियम मी कधी वाचलाच नव्हता. आई मात्र नाशिकला परतल्यावर शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "तिथले कायदे फार कडक. नाहीतर माझा मुलगा गुढीशिवाय राहिला असता का?"

फोटोखाली लेकीने विचारलं होतं, "बाबा, आपण का नाही उभारायचो गुढी?"

मी लिहिलं, "परवानगी नव्हती."