शटरच्या आत चौघी

माझं ब्युटी पार्लर नाशिकला, कारखान्यांच्या सातपूरमध्ये होतं, आमच्याच घराखालच्या गाळ्यात. दहा बाय बाराची जागा. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, मागे पडदा लावून केलेला फेशियलचा कोपरा आणि रस्त्याकडे शटर. पैसेवाल्या गंगापूर रोडच्या पार्लरांना काचेची दारं असत. माझ्याकडे शटर अर्धं ओढलेलं असलं की आत बायका आहेत, असं समजायचं. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कंपन्यांतल्या कामगारांच्या बायका आणि लग्नसराईत नवऱ्या.

नवरीमुलींच्या मेकअपमुळे एका शूटिंगवाल्याशी ओळख झाली होती. तिशीतला, लग्नाच्या कॅसेट काढणारा. भारनियमनाच्या त्या वर्षांत एका दुपारी तो पायरीशी येऊन म्हणाला, "ताई, मला तुमचं पार्लर पाहिजे. पिक्चर काढायचाय."

"कसला पिक्चर?"

"भीतीचा. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि चावतात. ज्याला चावतात तोही तसाच होतो. नवरी तयार व्हायला आलेली असते, तेवढ्यात हे सुरू होतं. चार बायका आत अडकतात आणि बाहेर ते सगळे."

"मग माझंच पार्लर कशाला?"

"दुसरं कोण देणार?" तो खरं तेच बोलला. "शिवाय मेकअपही तुम्हालाच करायचाय. मेलेल्यांचा."

नवरीच्या कामाला त्याची बायको होती. पार्लरवाली मी. समोर ब्लाउज शिवणारी शेजारीण तिसरी. चौथी म्हणून त्याची एक नातेवाईक येणार होती, ती आलीच नाही. त्या वेळी मागच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे भुवया करायला बसली होती. ती एका वर्कशॉपमध्ये बाटल्यांची झाकणं पॅक करायला जायची. माहेर नामपूरचं. आमच्याशी मराठी बोलायची, पण चिडली किंवा खूप हसली की तिकडच्या अहिराणी बोलीवर जायची. शूटिंगवाल्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "मी काय करायचं? घाबरायचंच ना? जमेल."

कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही शूटिंग करायचो, कारण मेलेल्यांची कामं करणारे कंपन्यांतले कामगारच होते. त्यांच्या तोंडाला मी मुलतानी मातीचा जाड थर द्यायची. वाळून तडे गेले की कातडी सडल्यासारखी दिसे. डोळ्यांखाली काजळ पसरायचं. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात खायचा लाल रंग. पहिल्याच दिवशी त्याला मुंग्या लागल्या आणि जमिनीवर पडलेले दोन मेलेले ओरडत उठले.

वीज गेली की आत दिवा नाही, पंखा नाही. शटर वर करून आम्ही बाहेर बसायचो. हसलं तर माती गळून पडे, म्हणून मेलेले गंभीर चेहऱ्याने स्ट्रॉने चहा ओढायचे. एकदा एक सिटी बस आमच्यासमोर अगदी हळू झाली. खिडकीतली सगळी माणसं बघत होती, पण कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या सुट्टीला शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. चौथीच्या नवऱ्याला बाहेर चावलेलं असतं. तो येऊन शटर वाजवतो, बायकोला हाक मारतो. तिला कळतं की तो आता आपला उरलेला नाही, तरी तिला राहवत नाही. आम्ही तिघी तिला धरतो, ती हिसडा मारून शटर उघडते आणि सगळे संपतात. नवऱ्याचं काम शूटिंगवाल्याचा एक रिक्षावाला मित्र करत होता. त्याला सांगितलं होतं, हळूच वाजव, रडवेल्या आवाजात बोल.

आम्ही शटर खाली घेतलं. आत दिव्याची धग, घामाचा आणि मुलतानी मातीचा वास. बाहेरून टकटक झाली. "उघड ना गं. मी आलोय."

चौथी उठलीच नाही. शूटिंगवाला कॅमेऱ्यामागून खुणा करत होता, उठा, उठा. मी तिला धरायचं म्हणून दंडाला हात घातला, तर दंड एकदम सैल. पुन्हा टकटक झाली. तिने शटरकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मना नवरा दार वाजाडत नही, लाथ मारस. हाऊ वाजाडी राहिना. हाऊ तो नही शे."

माझा नवरा दार वाजवत नाही, लाथ मारतो. हा वाजवतोय, म्हणजे हा तो नव्हे.

शेजारीण फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. बाहेर रिक्षावाला बिचारा "उघड ना गं" म्हणतच राहिला. शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद केला नाही. शेवटी घामाने त्याचा चष्मा खाली घसरला, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, हेच राहू दे. शटर नाही उघडायचं."

"मग पिक्चर कसा संपणार?" त्याच्या बायकोने विचारलं.

"हिने शटर नाही उघडलं, तिथेच संपणार."

मला तिच्या घरचं थोडं ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला होतं. पण आमच्यापैकी कुणी तिला कधी काही विचारलेलं नव्हतं.

पिक्चर आमच्या भागातल्या केबलवाल्याने एका रविवारी दुपारी लावला. वीज होती म्हणून सगळ्यांनी बघितला. सव्वा तासाचा. मेलेल्यांना बघून पोरं हसली. पण संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी बायका दुसरंच बोलत होत्या. लाथ मारस, लाथ मारस. तेवढंच वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं.

दोन दिवसांनी तिचा नवरा पार्लरवर आला. पहिल्या पाळीवरून सुटून आला होता, हातात डबा. बायकांचं पार्लर म्हणून तो पायरीखालीच थांबला. मी बाहेर गेले.

"ताई, ते पिक्चरमधलं. ती बोलली ते कुणी लिहून दिलं होतं?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मी म्हणाले, "लिहिलेलंच होतं हो. त्या शूटिंगवाल्याने. आम्ही नुसतं पाठ केलं."

"अच्छा," तो म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, मी चांगलं काम केलं. तीन-चार दिवसांनी ती आली. खुर्चीत बसली नाही.

"तुम्ही त्यांना लिहिलेलं होतं म्हणून सांगितलं?"

"अगं, तुला त्रास झाला असता."

"झाला असता तर मला झाला असता. तुम्ही मला विचारलं का?" ती रडत नव्हती, रागावली होती. "जन्मात एक गोष्ट माझ्या डोक्याने बोलले, चार माणसांत बोलले. तीही तुम्ही त्या शूटिंगवाल्याला देऊन टाकली."

भुवयांचा दोरा माझ्या हातातच राहिला. ती गेल्यावर मी एक गिऱ्हाईक परत पाठवलं आणि दुपारभर नुसती बसून राहिले. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असून तिला मार पडला तर काय, हेही डोक्यातून जाईना.

शेवटी मी वर्कशॉप सुटायच्या वेळी तिला रस्त्यात गाठलं. "मी येऊन खरं सांगते. पण तू हो म्हणालीस तरच."

ती चालता चालताच म्हणाली, "या. पण मी घरात असतानाच या."

दुसऱ्या दिवशी गेले. तो पलंगावर बसून चहा पीत होता. मी उभ्या उभ्याच बोलले, "मी त्या दिवशी खोटं बोलले. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. ही मनाने बोलली."

त्याने कप खाली ठेवला. "माहीत आहे," तो म्हणाला. "तो शूटिंगवाला नाशिकचा. त्याला आमची बोली कुठून येणार?"

"मग मला विचारायला का आलात?"

"लिहिलेलं होतं असं कुणीतरी म्हणावं, म्हणून," तो कपाकडे बघत म्हणाला. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने वळून माझ्या हातात चहा दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ताईंना बसू द्या." त्याने सरकून जागा केली. मी बसले. चहा संपेपर्यंत आम्ही तिघंही वर्कशॉपमधल्या कामाबद्दल बोललो.

त्यानंतर घरात काय बदललं, ते मला नीट माहीत नाही. मी एकदा विचारलं, तर "पहिल्यापेक्षा कमी," एवढंच म्हणाली आणि आरशात भुवया बघू लागली. दोन वर्षांनी त्याची कंपनी बंद पडली आणि ती दोघं नामपूरला गेली. तिथे कांदा मार्केटात त्याला वजनकाट्यावर काम मिळालं. तिने घरीच शिवणयंत्र घेतलं. अधूनमधून तिचा फोन येतो. कुणी लग्नाला मेकअपवाली मागितली की ती माझं नाव सांगते, आणि मी बसने नामपूरला जाते.