कौसल्याबाई झापतात तो व्हिडिओ

शाहीन गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, इरफाननं, फोनवर कळवलं तेव्हा मी अमरावतीला आमच्या तंत्रनिकेतनात मुलांच्या फायली तपासत होते. "वंदनाताई, आपा गेली," एवढंच बोलला. चार दिवसांचा ताप आणि माणूस संपलं. मी हातातल्या दोन फायलींवर सह्या केल्या आणि मग उठले. त्या दोन सह्यांचा मला अजून राग येतो. अकोल्याला पोहोचेपर्यंत मोबाइल श्रद्धांजल्यांनी भरून गेला होता. 'शेतकऱ्यांची देवदूत', 'वऱ्हाडची आशा'... शाहीननं ते वाचलं असतं तर एकेकाला फोन लावून धुतलं असतं.

मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. वेल्डिंगच्या तासाला सरांनी आम्हाला "तुम्ही नुसतं बघा" म्हटलं, तर ही म्हणाली, "सर, बघाले सिनेमा हाय ना." अकोल्यातल्या लेथवाल्याची पोर, लोखंडाला कधी भ्यायली नाही. पुढे पुण्यात मोटारींच्या कारखान्यात चांगली नोकरी लागली. ती सोडून एक दिवस परत आली, वडिलांच्या लेथच्या दुकानात एका स्टुलावर मोबाइल उभा केला आणि शेतीची अवजारं घडवतानाचे व्हिडिओ काढायला लागली. इंजिनिअर पोरगी मोबाइलपुढे हातोडी घेऊन बोलते, याची गल्लीत खूप चेष्टा झाली. मीही बोलले होते, लपवण्यात अर्थ नाही. "काहून परत आली?" तर म्हणे, "तिथं माझ्यावाचून काई अडत नाई, वंदे. इथं अडते."

ती वर्षं वाईट होती. वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्यांना एकच बातमी ठाऊक होती आणि ती न्यायला शहरांतून गाड्या यायच्या. शाहीन तेव्हा चिमट्यावर काम करत होती. कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी वावरात तशीच उभी राहते. बाया ती लोखंडी चिमट्यानं एकेक करून उपटतात, दिवसभर वाकून. उभ्यानं, पायाच्या दाबानं पऱ्हाटी मुळासकट निघेल असा चिमटा तिला हवा होता. एका पाहुण्या पत्रकारानं विचारलं, "यामुळे शेतकऱ्याचं दुःख कमी होईल?" ती म्हणाली, "याच्यानं पऱ्हाटी निघते. भाव नाई निघत. दोन्ही लिहा." त्यांनी दोन्ही लिहिलं नाही. 'आशेचा किरण' असा मथळा देऊन मोकळे झाले.

आणि त्याच चिमट्यानं तिला तोंडावर पाडलं. दुकानामागे तिनं पऱ्हाटीची दहाबारा झाडं लावली होती. घरातलं धुण्याभांड्याचं पाणी त्यांना रोज जायचं, त्यामुळे माती लोण्यासारखी मऊ. व्हिडिओत पऱ्हाटी अलगद वर आली, लोकांनी वाहवा केली, गावोगावच्या वेल्डरांनी तो चिमटा बनवून दिला. पण उन्हाळ्याच्या तोंडाला काळी माती दगडासारखी होते. तिथं पऱ्हाटी उपटेना, जमिनीलगत कडकन मोडायची आणि टोकदार खुंट मागे राहायचा. शेतकऱ्याच्या घरची मी, मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला होता. माझ्याही डोक्यात आलं नाही.

बार्शीटाकळीकडच्या कौसल्याबाई थेट दुकानात आल्या. पायाला फडकं बांधलेलं, खुंट घुसला होता. शाहीननं त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, मी मोबाइल चालू करतो. जे मले सांगाले आल्या, थे समद्याइले सांगा." कौसल्याबाईंनी पदर खोचला आणि आठ मिनिटं तिला झापलं. "वावरात पाय ठेवला होता का तुनं? धुण्याच्या पान्यावर वाढली तुही पऱ्हाटी, आमची नाई!" शाहीन मान खाली घालून ऐकत राहिली. एक शब्द न कापता तिनं तो व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, 'माझा चिमटा बनवू नका.' लोक हसले, अर्धे तिचं चॅनल सोडून गेले. मी म्हटलं, "निदान थोडा छोटा कर." तर माझ्यावरच उखडली. "चूक पूर्ण केली ना मी? मंग कबूल अर्धी काहून करू?" त्यानंतरचा प्रत्येक चिमटा कौसल्याबाईंच्या वावरात, त्यांच्या समोर तपासला गेला. तिसरा चालला.

चाळिसाव्याला मी अकोल्याला गेले. फातेहा झाला, जेवणं झाली, आणि इरफाननं मला बाजूला घेतलं. चॅनल आता त्याच्या हातात होतं. "ताई, तो झापायचा व्हिडिओ मी काढून टाकतो. आपा गेली आता. तिले कोनी बोलून राहिलं, हे दुनियेनं काहून पाहावं?" त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे मला धड ओरडताही येईना. तरी मी ओरडलेच. तो व्हिडिओ म्हणजेच शाहीन आहे, बाकी नुसतं लोखंड आहे, असं काहीबाही बोलले. तो ऐकेना. त्यानं मोबाइल काढला.

कौसल्याबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढ बापू. पन मंग त्याच्या मांगून आलेला, चाललेला चिमटाही काढ. थो माह्या शिव्यानं झाला, तुह्या बयनीच्या एकटीच्या डोक्यानं नाई. तिले हे कयत होतं. तुले कयत नाई, तं नको चालवू दुकान."

 इरफान मोबाइल खिशात ठेवून दुकानात लेथपाशी जाऊन उभा राहिला. मीही निरोप न घेता निघाले, स्टँडवर येऊन अमरावतीची गाडी धरली. वाटेत सगळा वेळ मला वाटत होतं, इरफान तो व्हिडिओ काढणार, आपण हरलो.

गेल्या आठवड्यात चॅनलवर, त्या जुन्या व्हिडिओच्या वर, नवा व्हिडिओ आला. आवाज इरफानचा. शाहीननं अर्धवट सोडलेला हलका चिमटा त्यानं पूर्ण केलाय आणि तो घेऊन कौसल्याबाईंच्या वावरात उभा आहे. पहिल्याच दाबाला दांडा वाकतो. "हे काय घेऊन आला रे?" कौसल्याबाई म्हणतात, आणि मग सुरू होतात... अकरा मिनिटं. इरफाननं एक शब्द कापलेला नाही.