आधी माणूस, मग गाय

आमच्या आत्याला गुरांपेक्षा गुरांची यंत्रं विकणाऱ्यांची जास्त धास्ती वाटायची. "गाय निदान लाथ मारण्याआधी कान मागे करते," ती म्हणायची, "हे लोक हसत हसत मारतात."

तिचं कुरण मोठं होतं. नजर पोचेल तिथवर गवत, तारेचं कुंपण आणि मधोमध पत्र्याची शेड. शेडमध्ये आतोबांची हौस धूळ खात पडलेली. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, लोण्याहून मऊ माणूस. पण चकचकीत काही दिसलं की पाघळलेच. त्यांनी गवताचे गठ्ठे प्लास्टिकात गुंडाळायचं यंत्र आणलं. ते वर्षातून जेमतेम दोन दिवस चालायचं, एरवी त्यावर कोंबड्या बसायच्या. गुरं हाकायला ड्रोन आणला, तर गुरंच त्याच्या मागे लागली आणि तो झाडावर जाऊन बसला. बोलणारा वजनकाटा आणला. तो प्रत्येक गाईला "कृपया एका वेळी एकानेच उभे राहावे" असं सुनवायचा, आणि गाई खरोखरच हिरमुसून उतरायच्या.

मग आत्यानं कायदा केला. जे यंत्र गाईला लावायचं, ते आणणाऱ्यानं आधी स्वतःला लावून घ्यायचं. कुणी हसलं नाही, कारण आत्या हसत नव्हती. कायद्याला मान देऊन आतोबा पाणी गरम ठेवणाऱ्या नव्या हौदातलं कोमट पाणी गुडघे टेकून प्यायले आणि पाठ खाजवायच्या फिरत्या ब्रशाखाली बराच वेळ उभे राहिले. ब्रश मात्र आत्यानं लगेच घेतला.

पण खोड्याची गोष्ट वेगळी होती. लस टोचताना किंवा खूर कापताना गाईला ज्या अरुंद पिंजऱ्यात जखडून उभं करतात, तो खोडा. जुना लाकडी होता. दोघांनी दोर ओढायचा, तिसऱ्यानं आडव्या लाकडाचा आडणा लावायचा. आत्याचा गुडघा गेलेला, आणि गेल्या खेपेला एका कालवडीनं आडण्यासकट आतोबांची बरगडी मोडली. नवा खोडा हवा, यावर नवराबायकोचं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच एकमत झालं.

म्हणून विक्रेता आला. टाय लावलेला, तोंडात साखर. गाडीमागून त्यानं निळे दिवे लुकलुकणारा खोडा उतरवला. "काकू, हा नुसता खोडा नाही. याला डोकं आहे. जनावर ओळखतो, वजन घेतो, लसीची नोंद ठेवतो."

"छान. आत जा."

"कोण, मी?"

"मग काय गाईला विचारू, बाई, तुला कसं वाटतंय?"

विक्रेत्यानं आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी, भोगलेल्या माणसाच्या आवाजात, सांगितलं, "जा बाळा. लवकर उरकतं."

तो आत गेला. मानेपाशी फाटक अलगद मिटलं, दोन्ही बाजूंच्या गाद्या सरकल्या आणि हात अंगाशी दाबले गेले. "बघा, काकू," तो मान बाहेर काढून म्हणाला, "जनावर मुळीच बिथरत नाही."

"झालं की. ये आता बाहेर."

"रिमोटवरचं हिरवं बटण दाबा."

"रिमोट कुठाय?"

रिमोट त्याच्या खिशात होता, आणि खिसा गादीखाली दबलेला.

आतोबांनी मदत म्हणून बाजूचं एक बटण दाबलं. खूर कापण्यासाठी खोडा आडवा होतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. विक्रेता जमिनीला समांतर झाला, टाय खाली लोंबकळू लागला. ही सोयसुद्धा फुकट आहे, असं तो तरीही सांगतच होता.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे गुरांचे डॉक्टर आले. त्यांना दिवसभरात आणखी चार कुरणं करायची होती. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "वहिनी, याला आधी टोचायचं का?"

आत्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तिच्या पडद्यावर खोड्याची सगळी माहिती दिसत होती. "आत वासरू आहे ना, मॅडम? लसीची नोंद झाल्याशिवाय दार उघडत नाही. सुरक्षेसाठी."

"अहो, हा तुमचाच माणूस आहे!"

"माणसासाठी पर्याय नाहीये, मॅडम. वासरू किंवा मोठं जनावर."

"वासरूच लिहा," विक्रेता आडवा असतानाच ओरडला.

मग रीतसर नोंदणी झाली. डॉक्टर पुढे उभे राहून उत्तरं देत होते, आत्या ती फोनवर सांगत होती. शिंगं? नाहीत. दात? डॉक्टरांनी त्याला आ करायला लावलं. बरे आहेत, एकात चांदी. खुरांना सूज? बूट काढून पाहावं लागलं. स्वभाव? इथे आत्या थोडी थांबली. "बोलका आहे," तिनं सांगितलं, "पण मारका नाही." लस दिली का? आत्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी सिरिंजकडे, विक्रेत्यानं डोळे मिटले. "दिली," आत्या म्हणाली. तिला खोटं बोलताना आजवर घरात कुणी ऐकलं नव्हतं.

खोडा सरळ झाला, फाटक उघडलं. विक्रेता बाहेर आला, पण लगेच निघाला नाही. उलट्या बादलीवर बसून आतोबांनी दिलेलं पाणी प्यायला. "खरं सांगू, काकू? गाद्या चांगल्या आहेत. आत शांत वाटत होतं."

"तेच म्हणते मी. अंग उत्तम आहे, डोकंच वाईट. बिनडोक्याचा मिळेल?"

विक्रेत्यानं इकडेतिकडे पाहिलं, जणू कंपनी ऐकत होती. "मिळतो. हातानं दांडा ओढायचा. एका माणसाचं काम. पण दिवे नाहीत म्हणून लोक घेत नाहीत. मीही दाखवत नाही कुणाला."

"बिघडला तर?"

"बिघडायला त्यात आहे काय? हातोडा लागेल."

आतोबांचा चेहरा पडला. निळे दिवे त्यांना मनापासून आवडले होते. पण मोडलेली बरगडीही त्यांचीच होती.

दांड्याचा खोडा पुढच्या आठवड्यात आला. बसवायला विक्रेता स्वतः आला, टाय न लावता. आत्यानं दांड्याशेजारी स्टूल टाकलं, दुखरा पाय लांब केला आणि एका हातानं दांडा ओढला. पहिली गाय आत जखडली, डॉक्टरांनी टोचलं, आत्यानं दांडा सोडला. फाटक उघडलं, समोर सगळं कुरण मोकळं. गाय हलेना. गादीला अंग टेकून, डोळे अर्धे मिटून उभी राहिली.

"अगं, झालं तुझं," आत्या स्टुलावरून म्हणाली. "चल पुढे, मागे लाईन लागलीये."