परमनंट आहे का?

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवली, त्यातली पहिली नऊ टेम्पररी म्हणून. त्यामुळे विशेषण म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा गावानं जास्त नीट शिकवलं. पुस्तकात म्हणतात, विशेषण नामाबद्दल जास्तीची माहिती देतं. आमच्याकडे एक विशेषण असं होतं की ते लागल्याशिवाय नामाला कोणी विचारतच नसे. ते म्हणजे परमनंट.

ती सगळी विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसट्या जागेवर. परभणी जिल्ह्यात माणसं त्या काळात नाही नाही त्या गोष्टींवरून एकमेकांच्या अंगावर गेली, पण या शब्दाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सोनपेठच्या बाजारात कापडवाला लुगड्याचं टोक चोळून दाखवायचा. "रंग परमनंट हाय मावशी. लुगडं फाटंल, पर रंग जायचा न्हाई." पहिल्याच धुण्याला बादली लाल व्हायची. न्हावी मला "तुमी तर आपले परमनंट" म्हणून बाकावर बसवून ठेवायचा आणि नव्या गिऱ्हाइकाची दाढी आधी उरकायचा. आरोग्य केंद्रातली नर्सबाई तीन लेकरांच्या आयांना भर गल्लीत सांगायची, "आता परमनंट करून टाका," आणि त्या बिचाऱ्या पदरात तोंड लपवायच्या. येलदरीच्या वीजघरात आमचा एक लांबचा भाऊ होता. तो तिथं नेमकं काय करतो, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. पण परमनंट आहे एवढं सगळ्यांना ठाऊक, म्हणून लग्नाच्या पंगतीत त्याला ओढून पहिल्या रांगेत बसवत. बी.ए. बी.एड. झालेला मी वाढपी असायचो.

माझी शाळा सोनपेठपासून एसटीनं अर्ध्या तासावर, एका खासगी संस्थेची. तिथल्या हजेरीच्या मस्टरवर हेडसरांनी तांबड्या पेन्सिलीनं एक आडवी रेषा मारलेली असायची. रेषेच्या वर परमनंट लोक, खाली आम्ही. तास घ्यायचे आम्ही, पेपर तपासायचे आम्ही, सहलीला पोरं मोजायची आम्ही. वरची मंडळी रेडिओवर क्रिकेट ऐकायची आणि मध्येच आम्हाला विचारायची, "काय मग, यंदा तरी होतंय का तुमचं?" शिपायाचंसुद्धा नाव रेषेच्या वर होतं. त्याचा बाप अध्यक्षसाहेबांच्या शेतावर सालगडी होता, तेवढी पात्रता त्याला पुरली.

तीस एप्रिलला हाच शिपाई एक पाकीट आणून द्यायचा. आत लिहिलेलं असायचं, आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. जूनमध्ये शाळा उघडली की तीच जागा, तोच माणूस, नवी ऑर्डर. नोकरी सलग झाली तर माणूस परमनंट होतो, म्हणून ती दरवर्षी तोडायची, एवढीच ती हुशारी. हेच अध्यक्षसाहेब पंधरा ऑगस्टला न्यायावर तासभर बोलायचे आणि आम्ही उन्हात उभे राहून टाळ्या वाजवायचो. मे महिन्यात मी गावी बापाची मेंढरं राखायचो. मेंढरांनी मला कधी ऑर्डर विचारली नाही, त्यामुळे तो महिना बरा जायचा.

मुलगा नोकरीवाला असला की आमच्याकडे मुलीचा बाप आधी त्याच्या घरी जात नसे. तो शाळेत यायचा, मस्टर बघायला. ज्यांना वाचता येत नसे ते शिपायालाच विचारायचे, रेषेच्या वर का खाली? शिपाई माझ्या नावावर बोट ठेवायचा. मग तो बाप माझ्या हातचा चहा प्यायचा, "कळवतो" म्हणायचा आणि जायचा. असे किती बाप मी चहा पाजून वाटेला लावले, याची गणती मी ठेवली नाही. त्या सगळ्यांचा मला मनापासून तिटकारा होता. बैल घेतानासुद्धा माणूस दात बघतो, चालवून बघतो. इथं जावई घ्यायचा तर तांबडी रेषा बघायची.

त्यातलाच एक झरीकडचा. शेळ्यामेंढ्या, थोडी जमीन, आमच्यासारखंच घर. त्यानंही मस्टर पाहिलं, बराच वेळ शिपायाच्या स्टुलावर बोलत बसून राहिला, आणि कळवतो म्हणून गेला. पण यानं खरंच कळवलं. मी मुलगी बघायला गेलो. माझ्याबरोबरच्या लोकांनी तिला विचारायचं ते सगळं विचारलं. शेवटी उगाच रीत म्हणून कुणीतरी म्हणालं, तुला काही विचारायचंय का? तिनं मान वर करून मला विचारलं, "पोरांना मारता का तुमी?" मी म्हणालो, कधी कधी. ती म्हणाली, "नका मारू." सगळे हसले. मला ती फार आवडली. परत येताना एसटीत मी सगळ्यांशी उगाच गोड बोलत होतो.

होळी झाल्यावर तिचा बाप, घरात सगळे त्याला दादा म्हणत, पुन्हा शाळेत आला. या वेळी तो मस्टरकडे गेलाच नाही. मला बाहेर लिंबाखाली नेऊन म्हणाला, "सर, पोरगी हो म्हणायली. मला त्या रेषेतलं काय कळतंय? घरात जवारी हाय, रानात मेंढरं हायत, उपाशी तर मरत न्हाई कोणी. ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू."

मी काय म्हणायला हवं होतं? हो म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मामा, यंदा माझं परमनंट व्हायची शक्यता आहे. ऑर्डर हातात येऊ द्या. मग करू थाटात."

"अन् न्हाई झालं तर?"

"होणारच. झालं की मीच येतो सांगायला."

त्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि शिपायाच्या हातून पाणी पिऊन तो गेला.

तीस एप्रिलला पाकीट आलं. जूनमध्ये टेम्पररी ऑर्डर आली. मी झरीला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला मानी माणसाचं वागणं वाटत होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. घरी मी सांगितलं, एसट्या बंद आहेत. त्या आठवड्यात त्या बंद होत्या, हे खरं. पुढच्या आठवड्यात सुरू झाल्या.

तिसऱ्या वर्षी शिपायानं स्टाफरूममध्ये येऊन स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली. "सर, तुमी यायलाच पायजे." पत्रिकेवर नवरदेवाच्या नावाखाली छापलं होतं, हायस्कूल (परमनंट). वधूपित्याचं नाव वाचलं आणि मला कळलं, तो झरीचा माणूस त्या स्टुलावर कुणाशी बोलत बसला होता. आठवी नापास, घंटा वाजवणारा माणूस. तो बाहेर गेल्यावर मी त्या शब्दाला, त्या बापाला आणि सगळ्या जिल्ह्याला काय काय बोललो. रेषेच्या वरची मंडळीसुद्धा क्रिकेट सोडून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, मुलगी नाही दिली, घंटेला बांधली. या वाक्याला चांगला हशा पिकला. लग्नाला मी गेलो नाही, डोकं दुखतं म्हणालो.

ती शाळेमागच्या खोलीत राहायला आली. हापशावर दिसायची. मी मान खाली घालून जायचो. शिपाई पूर्वीसारखाच रोज मस्टर आणायचा आणि मी रेषेखाली सही करायचो. तो वाईट माणूस नव्हता. पावसाळ्यात माझी सायकल तो न सांगता व्हरांड्यात घ्यायचा, तरी त्याच्याशी मी कामापुरतंच बोललो.

विद्यापीठाच्या नावाचा वाद मिटला, त्याच साली माझाही मिटला. ऑर्डर आली. हेडसरांनी माझं नाव रेषेच्या वर लिहिलं. मी पेढे आणले, आणि सगळ्यात आधी शाळेमागच्या खोलीकडे निघालो. तोंड गोड करायला निघालो होतो, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. ते कळल्यावर तिचं तोंड कसं होतं, हे मला बघायचं होतं.

शिपाई टपाल घेऊन परभणीला गेला होता. ती उंबऱ्यात गहू निवडत होती. पेढा घेऊन म्हणाली, "बरं झालं, सर. लय वर्षं काढली तुमी."

मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. मी हसत म्हणालो, "तुमच्या वडलांना परमनंट जावई पाहिजे होता. जरा दम धरला असता तर..."

तिनं सूप बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"दादा तर टेम्पररीलाच द्यायला आले व्हते, सर. परमनंट तुमाला पायजे व्हतं."

ती पुढं म्हणाली, "तुमी सांगायला येतो म्हणले व्हते. दोन उन्हाळे दादा दुपारच्या एसटीला फाट्यावर जाऊन बसायचे. मीच म्हणलं मग, आता नका जाऊ."