हुस्नाबीची शुक्रवारची सुई

आमच्या कळंबात आईवर प्रेम करणाऱ्या मुलांची कमतरता नाही. प्रत्येक गल्लीत दोन-चार सापडतात. पण जफर आणि परवेज या भावांनी ज्या ईर्ष्येनं आपल्या आईवर प्रेम केलं, त्याच ईर्ष्येनं आणखी दोन महिने केलं असतं, तर हुस्नाबीला आम्ही मातीच दिली असती.

मी कांताबाई. सरकारी नोकरीतून रिटायर झालेली नर्स. निम्मा तालुका मी टोचलेला आहे. आज मिशा पिळत फिरणारे कितीतरी पुढारी माझ्यासमोर चड्डी सरकवून भोकाड पसरलेले आहेत, त्यामुळे मला कुणाचं फारसं कौतुक वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत एक चूक माझीही आहे. ती मी सांगणार आहे, पण माझ्या सवडीनं.

हुस्नाबीचं घर माझ्या दारासमोर. घर पिंजाऱ्याचं. नवरा कापूस पिंजायचा आणि ही गाद्या भरायची, रजया शिवायची. चाळीस वर्षं हेच. तिची एक लकब होती. जाड रजईत सुई अडू नये म्हणून ती दर दोन-तीन टाक्यांनी सुई केसांतून फिरवायची. केसांना खोबरेल चोपडलेलं, सुई तेलकट व्हायची आणि कापसातून सर्रकन पार जायची. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं. बोलता बोलता, भांडता भांडता तिचा हात आपोआप डोक्याकडे जायचा.

नवरा वारला आणि पोरांनी घराची वाटणी केली. अंगणात मधोमध टिनपत्रा ठोकला. इकडे थोरला जफर आणि त्याची बायको अतिया, तिकडे धाकटा परवेज आणि त्याची बायको. जफरनं बापाचं पिंजणयंत्र ठेवलं. परवेजनं त्याच्याच शेजारी फोमच्या गाद्यांचं दुकान टाकलं. दोघांच्याही पाट्यांवर एकच वाक्य: ‘पाठीला आराम’. ज्या दिवशी परवेजनं पाटी लावली, त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आईची खाट मात्र वाटणीत कुणाकडे गेली नाही, ती पुढच्या सामाईक खोलीत राहिली. म्हणजे आई दोघांची. गावात याचं फार कौतुक झालं. मीही केलं.

आता दोघांची आई असणं म्हणजे काय, ते मी रोज खिडकीतून बघायचे. सकाळी अतिया चहा आणायची. हुस्नाबी प्यायची. पाच मिनिटांनी पत्र्यापलीकडून धाकटीचा चहा यायचा. तोही प्यायची. दुपारी दोन ताटं, रात्री दोन ताटं. ईदला दोन साड्या आल्या, तर बाईनं सकाळी एक नेसली आणि दुपारी दुसरी. मी एकदा म्हटलं, “हुस्नाबी, पोट हाय का पोतं?” तर म्हणते, “काय करू नर्सबाई, एकाचं खाल्लं अन् दुसऱ्याचं नाई खाल्लं, त त्याच्या मनाले लागते.”

तिच्या मनाला काय लागतं, हे विचारायला त्या घरात कुणाला वेळ नव्हता.

सतरा सालच्या पावसाळ्यात तिची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. सुई धरली की डोळ्यांत पाणी. आधी सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं वय झालं. अतियानं निरगुडीचा पाला बांधला, धाकटीनं कुठलंसं तेल मागवलं. शेवटी जफर तिला यवतमाळला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की हा सांध्यांचाच आजार आहे, औषध घेतलं नाही तर बोटं वाकडी होतील आणि वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत. गोळ्यांनी तिला उलट्या व्हायला लागल्या, म्हणून मग इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एक.

नेमकी त्याच साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बोंडं वरून धडधाकट आणि आतून किडकी. जो कापूस निघाला तो डागाळलेला, आमच्याकडे ज्याला कवडी म्हणतात तसला. बाजारात त्याला कोण विचारतो? तेव्हा लोकांनी तो घरीच आणला आणि म्हटलं, निदान रजया तरी भरून घेऊ. जफरच्या दारात पोत्यांची रांग लागली. सगळा जिल्हा कपाळाला हात लावून बसला होता आणि पिंजाऱ्याकडे वीस वर्षांत आलं नव्हतं एवढं काम आलं. आणि ज्या हातांनी ते करायचं, ते हात मांडीवर सुजून पडलेले. ती बाई त्या पोत्यांकडे कशी बघायची ते मी बघितलं आहे. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

जफर दर शुक्रवारी नमाजानंतर आईला माझ्याकडे आणायचा. मी टोचायचे. तयार भरलेली सुई यायची, काम दोन मिनिटांचं. परवेजला हे कळलं. भाऊ आईला इंजेक्शन देतो, गावात त्याचं नाव होतं, आणि आपण काय फोम विकत बसायचं? त्यानं आईच्या उशाखालचा डॉक्टरांचा कागद काढला, मोबाईलवर फोटो मारला आणि यवतमाळहून तीच इंजेक्शनं आणली. मग दर सोमवारी गाडीवर बसवून तो तिला बाभुळगावच्या एका कंपाउंडरकडे न्यायला लागला. कळंबातल्या कंपाउंडरकडे नेलं असतं, तर जफरला कळलं असतं ना!

कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आठवड्यातून एकदा. दोघेही कागदाबरहुकूम वागले. जफरनं आठवड्यातून एकदा दिलं, परवेजनंही आठवड्यातून एकदा दिलं. चूक कुणाची काढणार?

आणि हुस्नाबी? ती दोन्ही घ्यायची. दोन चहांसारखी, दोन ताटांसारखी.

डिसेंबरात एक दिवस अतिया धावत आली. “नर्सबाई, अम्मी दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यली.” मी गेले. टॉर्च मारून तोंड बघितलं, तर आत सगळं सोललेलं. जीभ, गाल, टाळू, सगळीकडे फोड. अंगात ताप. मी विचारलं, “औषध कोणत्या दिवशी घेतलंस?” बोलता येत नव्हतं तिला. तिनं दोन बोटं दाखवली. सुजलेली, अर्धवट वाकलेली दोन बोटं.

“दोन? कायले वं?”

मोठ्या कष्टानं ती म्हणाली, “जुम्म्याले जफर, सोमवारी परवेज. एकाची घेतली अन् दुसऱ्याची नाई घेतली…”

पुढचं मला पाठ होतं. हे औषध दुप्पट झालं की अंगावर विषासारखं उलटतं, तेही पाठ होतं.

आता माझी चूक सांगते. मी आठ शुक्रवार त्या बाईला टोचलं, आणि आठातल्या एकाही शुक्रवारी विचारलं नाही की मधल्या दिवसांत आणखी काही घेतेस का. नोकरीत नव्या पोरींना मी हेच शिकवायचे, आधी विचारा, मग टोचा. घरासमोरची बाई आहे, आपल्याला काय माहीत नाही, या तोऱ्यात मी राहिले. दोन चहा रोज डोळ्यांनी बघत होते आणि दोन सुया मला सुचल्या नाहीत. त्या दिवशी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन यवतमाळला जाताना मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

हुस्नाबी बारा दिवस दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्याशी धड बोलत नव्हत्या, यावरून काय ते समजा. बाहेर दोन्ही भाऊ दोन टोकांच्या बाकांवर बसून होते. आई जगते की मरते याची दोघांनाही खरी काळजी होती, ते मी नाकारणार नाही. पण नाश्ता आणायला एक उठला की दुसरा लगेच उठायचा.

ती वाचली. जानेवारीत औषध पुन्हा सुरू करायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर उभं केलं. जफर म्हणाला, “मी देतो.” परवेज म्हणाला, “त्याच्यानंच तर झालं हे.” डॉक्टरीणबाईंनी दोघांना हातानंच गप्प केलं आणि खाटेकडे वळल्या.

“आजी, तुम्ही शिवणकाम करता ना? मग हे तुम्ही स्वतः टोचून घ्यायचं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या चरबीत. दुसऱ्या कुणाच्या हातात सुई द्यायची नाही.”

हुस्नाबीचा चेहरा पांढरा पडला. चाळीस वर्षं सुयांत घालवलेली बाई, पण कापसात खुपसणं वेगळं आणि आपल्याच पोटात खुपसणं वेगळं. शिकवायला तिथल्या नर्सनं स्पंजचा तुकडा आणला. जफर चिडला, “फोम कायले? कापूस नव्हता का?” मी त्याला म्हटलं, “बापू, आता बाहेर जा, नाहीतर तुलेच टोचतो.”

घरी आल्यावर मी तिला कापसाची छोटी उशी शिवून दिली. एक रिकामी सुई दिली. म्हटलं, दाखव. तिनं सुई घेतली, खचकन खुपसली, आणि दुसऱ्या बाजूनं टोक ओढायला उशी उलटी केली.

“अवं, आरपार काढाची नाई! पोट हाय ते, रजई नाई!”

ती हसली. तोंडातले फोड बरे झाल्यावर पहिल्यांदा हसली. मग आठ दिवस आम्ही दुपारी दार लावून उशीला टोचत बसायचो.

मग तो शुक्रवार आला. घरात जत्रा. दोन्ही भाऊ, दोन्ही सुना, कुणी पंखा बंद करतंय, कुणी चालू करतंय. जफर म्हणे, मी हात धरतो. परवेज म्हणे, अम्मी, तू डोळे मीट. हुस्नाबीनं सगळ्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, “बाहेर व्हा.” आयुष्यात पहिल्यांदा ती दोन्ही पोरांना एकच गोष्ट एकाच वेळी सांगत होती. ते इतके चकित झाले की गेले. मी कडी लावली.

मी कापसाच्या बोळ्यानं तिचं पोट पुसलं. तिनं सुईचं टोपण काढलं.  सुई दोनदा पोटाजवळ नेली, दोनदा मागे घेतली. घामाघूम झाली. मी म्हटलं, घाई नाही. तिनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि तिचा हात गेला सरळ डोक्याकडे. मी किंचाळायच्या आत तिनं ती निर्जंतुक सुई आपल्या तेलानं थबथबलेल्या केसांतून मस्तपैकी फिरवून घेतली.

“हुस्नाबी! काय करून राह्यली वं!”

बाहेर दोन्ही पोरं दार बडवायला लागली. त्यांना वाटलं, आई गेली. हुस्नाबी हातातल्या सुईकडे बघत बसली आणि मग खांदे हलवत हसत सुटली. मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती म्हणाली, “नर्सबाई, हे हात कामाचेच राह्यले पाहिजेत. दुसरं काय हाय मह्याजवळ?”

ती सुई फेकून दिली. दुसरी भरलेली सुई मी तिच्या हातात दिली. या वेळी मी तिच्या डोक्यावर पदर घट्ट खोचून दिला. तिनं पोट चिमटीत धरलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि टोचली. सावकाश औषध आत सोडलं. सुई बाहेर काढली, आरपार नाही. मी तेहेतीस वर्षांत लाखभर सुया दिल्या असतील, पण माझं काळीज एवढं कधीच धडधडलं नव्हतं.

दार उघडलं. उंबऱ्यात दोघे उभे. एका हाताला जफर, दुसऱ्या हाताला परवेज, आणि दोघांच्याही हातात पाण्याचा भरलेला ग्लास. एक या माठातला, एक त्या माठातला. दोघांनीही ग्लास पुढे केले. मी मनात म्हटलं, झालं, आता पिते ही दोन्ही.

हुस्नाबीनं न बघता एक ग्लास घेतला. कुणाचा ते त्या क्षणी मलाही कळलं नाही. घटाघट प्यायली, तोंड पुसलं. दुसरा ग्लास तसाच तिच्यासमोर धरलेला होता.

“मले एकाच ग्लासाची तहान होती,” ती म्हणाली. “तो तुम्ही दोघं पिऊन घ्या. मह्यासमोर प्या.”

 अतियानं जीभ चावली. मग जफर अर्धा ग्लास प्यायला, त्यानं तोंड वाकडं केलं आणि उरलेला भावाच्या हातात दिला. परवेजनं तो संपवला. त्या ओलाव्यानं भावांची मनं जुळली असं मी लिहिलं असतं, पण मी नर्स आहे, कीर्तनकार नाही. पाटी लागली त्या दिवसानंतर जफर भावाशी जे पहिलं वाक्य बोलला, ते असं:

“तेरे माठ के पानी को बास आती बे.”

“फिर अपने माठ का पीता,” परवेज म्हणाला.

आणि दोघे भांडायला लागले. टिनपत्र्याच्या दोन बाजूंनी नाही, एकाच उंबऱ्यात, समोरासमोर. मी त्यांना थांबवायला निघाले, तर हुस्नाबीनं माझा पदर धरला आणि म्हणाली, “राहू द्या नर्सबाई. बोलून राह्यले ते.”